आजींचे आयुष्य लिहायला घेणाऱ्या मुलीस

कोल्हापूर

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र, सोबतची पाने आणि कागदपत्रांच्या छायाप्रती मिळाल्या. आजींच्या वर्षश्राद्धाला जमणाऱ्या सगळ्या नातेवाइकांच्या हाती त्यांच्या आयुष्याची एक पुस्तिका द्यावी, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. नव्वदी ओलांडलेले माणूस गेले की ‘सोने झाले’ असे म्हणून लोक दिवसकार्य उरकतात आणि आपापल्या कामाला लागतात. तू वर्षभर त्यांचा स्टीलचा डबा, त्यातल्या वह्या आणि फोटो सांभाळलेस आणि आता लिहायला बसली आहेस. हे काम नीट व्हावे असे मला फार वाटते, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

तुझ्या पहिल्या दोन पानांत आजी मायेचा सागर आहेत, त्यागमूर्ती आहेत, कष्टाळू, सोशिक आणि देवभोळ्या आहेत. हे सगळे खरे असेल, पण त्यात तुझ्या आजी कुठे दिसत नाहीत. शुक्रवार पेठेतल्या कोणत्याही घरातल्या कोणत्याही वृद्ध बाईंचे नाव त्या जागी घातले, तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. घरातल्या बाईविषयी लिहायची वेळ आली, की तिने काय काय सोसले याची यादी आपल्याकडे चटकन तयार होते आणि तिने काय काय ठरवले हे लिहायचे राहून जाते. माझे सांगणे एवढेच आहे, की आजींनी आपल्या आयुष्यात काय ठरवले ते तू शोधावेस: कधी ठरवले, कोण आड आले, पैसा कुठून उभा केला आणि पुढे त्याचे काय झाले. एवढे मिळाले, की त्यांचे कष्ट वाचणाऱ्याला न सांगता कळतील.

कावळा नाक्यावरचा महाराणी ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा तू लहानपणापासून पाहत आली आहेस. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी जेमतेम पंचविशीच्या होत्या आणि पुढची सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. पुतळा आहे तो या सात वर्षांचा. पण त्या १६७५ साली जन्मल्या आणि १७६१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी गेल्या. मधल्या काळात करवीरची गादी उभी राहिली, १७१४ मध्ये घरातल्याच दुसऱ्या पक्षाने मुलासह त्यांना पन्हाळ्यावर कैदेत टाकले, पुढे त्या साताऱ्यास गेल्या, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी साताऱ्याच्या गादीवरच्या रामराजाला किल्ल्यावर अडकवून पेशव्यांनाही पेचात धरले. एवढ्या मोठ्या, अवघड आणि वादग्रस्त आयुष्यातून लोकांच्या मनात राहिली ती ऐन तारुण्यातली सात वर्षे. दीर्घ आयुष्याच्या वाट्याला हे नेहमीच येते. तुझ्या पानांतही आजोबांचे जाणे आणि म्हशी पाळणे यांनी निम्मी जागा घेतली आहे. लग्नाआधीच्या वर्षांना तीन ओळी मिळाल्या आहेत आणि साठीनंतरच्या तीस वर्षांना ‘नंतर त्या नातवंडांत रमल्या’ एवढे एकच वाक्य. तीस वर्षे कोणी नुसते रमत नसते.

सुरुवात कालक्रमापासून कर. आजींच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९३० ही तारीख आहे. ज्यांना आपल्या जन्माचा दिवस सांगता येत नाही, त्यांच्या कार्डावर अशी १ जानेवारी पडते, आणि शाळेत गेलेल्या त्या पिढीतल्या किती तरी जणांच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून असते. यातली कोणतीच तारीख जन्मतारीख म्हणून पुस्तिकेत छापू नकोस. तूच लिहिले आहेस की आजी म्हणायच्या, ‘कंपनी पुण्याला गेली तवा मी पाळण्यात हुतो.’ त्यांचे वडील सुतारकामाला ज्या कंपनीत होते ती प्रभात फिल्म कंपनी. १९२९ साली ती कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. म्हणजे आजींचा जन्म १९३२-३३ च्या सुमारास झाला, आणि कार्डावरच्या वर्षापेक्षा त्यांच्या या वाक्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. हे वाक्य जसेच्या तसे पुस्तिकेत पहिले येऊ दे. त्यात त्यांच्या जन्माचे वर्ष आहे, वडिलांचा धंदा आहे आणि कंपनी गेल्यावर मंगळवार पेठेतल्या त्या घरावर आलेली चणचणही आहे. वडील कंपनीबरोबर पुण्याला का गेले नाहीत, हे तुझ्या घरात कोणाला माहीत आहे का? नसेल, तर आजींच्या धाकट्या भावांना विचार. मंगळवार पेठेत त्यांच्याखेरीज आता हे सांगणारे कोणी उरले नसेल.

अशीच एकेक खूण धरून पुढे जाता येईल. लग्न ‘संस्थान गेलं त्या साली’ झाले असे तू लिहिलेस. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. तुझे आजोबा शाहू मिलमध्ये होते, म्हणून त्या घराचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा; कोणत्या भोंग्याला चूल पेटे आणि कोणत्या भोंग्याला डबा तयार लागे, हे थोरल्या आत्तींना सांगता येईल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तुझे वडील म्हणतात की त्या वेळी आपण आजींच्या कुशीत होतो, आणि आत्ती म्हणतात की ते त्यानंतर जन्मले. इथे कोणाची बाजू घेऊ नकोस. जन्मनोंदीचा उतारा काढ आणि तो हाती आल्यावरही दोन्ही आठवणी लिही, कारण त्या पहाटे आजींनी सगळ्या मुलांना ओढत गल्लीत कसे आणले, हे दोघेही सारखेच सांगतात. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीविषयी घरात जे बोलले जाते, ते एका परिच्छेदात आटोपेल.

आता कागदांकडे वळते, कारण तू पाठवलेल्या छायाप्रतींत तुझ्या सगळ्या पानांपेक्षा जास्त मजकूर आहे. पहिला कागद १९६१ सालचा हक्कसोडपत्राचा. मंगळवार पेठेतल्या वडिलोपार्जित घरावरचा हक्क आजींनी भावांच्या नावे सोडून दिला आणि खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. दुसरा कागद १९७८ सालचा, म्हशीसाठी बँकेतून काढलेल्या कर्जाचा, आणि त्यावर सही आहे. ती सही भिंगाखाली धरून पाहा. आधी शिरोरेघ ओढली आहे, कागदाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीची, आणि मग एकेक अक्षर तिला खालून जोडले आहे. शेवटची दोन अक्षरे रेघेच्या बाहेर गेली आहेत, म्हणून रेघ पुन्हा वाढवली आहे. अंगठा उठवणारी बाई सतरा वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, बँकेच्या टेबलापाशी उभी राहून स्वतःचे नाव लिहिते. हे मधे कधी घडले, कोणी शिकवले आणि तिला शिकावेसे का वाटले, याचे उत्तर तुझ्या पुस्तिकेत आलेच पाहिजे. तुझ्या पानांत ‘आजी निरक्षर होत्या’ असे एक वाक्य आहे. ते काढून टाक.

याच प्रश्नाचे अर्धे उत्तर रतीबाच्या वहीत आहे. ‘मुलांनी चित्रे काढून खराब केलेली जुनी वही’ असे तू त्या छायाप्रतीवर लिहून पाठवलेस. मी ती पाने दोन-तीनदा पाहिली. चित्रांच्या समोर उभ्या रेघा आहेत, मधूनमधून फुल्या आहेत आणि महिन्याच्या शेवटी आडवी रेघ आहे. रेघ म्हणजे दूध घातले, फुली म्हणजे खाडा. आणि चित्रे म्हणजे गिऱ्हाइके: कात्री हे शिंप्याचे घर असणार, चाक हे टांगेवाल्याचे, कळशी हे तांबटाचे, आणि घंटा बहुधा गल्लीतल्या पुजाऱ्यांची. १९७३ च्या पावसाळ्यात आजोबा गेले, दुसऱ्या वर्षी पहिली म्हैस दाराशी आली आणि बारा-पंधरा घरांचा रतीब सुरू झाला. लिहिता न येणाऱ्या बाईने त्याचा हिशेब ठेवण्याची आपली स्वतःची रीत काढली. वहीच्या पुढच्या पानांवर कात्रीशेजारी ‘शि’ हे अक्षर दिसते, मग चाकाशेजारी ‘टां’, आणि शेवटच्या पानांवर चित्रे थांबून पूर्ण नावे येतात. त्या वहीत कोणा मुलाचा हात मला कुठे दिसत नाही. आजींनी आपली बाराखडी रतीबाच्या हिशेबातच गिरवली. पुस्तिकेत एकच छायाचित्र मोठे छापायचे असेल, तर या वहीच्या मधल्या पानाचे छाप, जिथे कात्री आणि ‘शि’ शेजारी शेजारी आहेत.

म्हशींविषयी तू जे लिहिले आहेस ते चांगले आहे, पण अपुरे आहे. ‘आजींनी म्हशी पाळून मुलांना वाढवले’ हे वाचताना म्हैस दिसत नाही आणि आजीही दिसत नाहीत. शुक्रवार पेठेतल्या घरात म्हैस बांधायला जागा कोणती होती? वैरण कुठून येई, सरकी आणि पेंड उधारीवर मिळे की रोखीने? धुवायला नदीवर कोण नेई? म्हैस आटली की रतीब कसा सांभाळला जाई, आणि भाकड म्हैस विकायची की पुढच्या वेतापर्यंत पोसायची हे कोण ठरवी? संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून दूध विकायचे, तेव्हा तिथे आजी स्वतः उभ्या राहत की तुझ्या थोरल्या काकांना पाठवत? त्या काळी विधवा बाईने कट्ट्यावर उभे राहणे भाऊबंदांना रुचले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी कोण काय बोलले आणि आजींनी काय केले, हे कट्ट्यावरच्या जुन्या गवळ्यांच्या घरी अजून कोणाच्या तरी लक्षात असेल. जाऊन बस, चहा घे आणि ऐक.

साजाची हकीकत तू चार ओळींत संपवलीस, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आजींच्या लग्नात अंगावर आलेला कोल्हापुरी साज त्यांनी थोरल्या आत्तींना नर्सिंगला घालण्यासाठी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, गहाण टाकला आणि तू त्याच्यापुढे ‘केवढा हा त्याग’ असे लिहिलेस. तो त्याग होता हे मला मान्य आहे, पण त्या वेळी घरात काय चालले होते ते पाहा. आत्तींना स्थळ आले होते. काका, मामा, शेजारी सगळ्यांचे मत लग्न उरकून टाकावे असेच असणार, कारण बाप नसलेल्या घरातली वयात आलेली मुलगी म्हणजे सगळ्या भावकीची काळजी. लग्नासाठी तो साज आत्तींच्या गळ्यात घालता आला असता. आजींनी तो गहाण टाकून मुलीच्या हाती वसतिगृहाची फी ठेवली. हा नुसता त्याग नाही, यात मोठा हिशेब आहे आणि मोठे धाडस आहे. साजाची एकवीस पाने वजनाला किती भरली, सोनाराने काय भाव लावला, व्याज किती होते, पहिल्या पगारातून आत्तींनी किती पाठवले आणि साज सुटून परत यायला किती वर्षे लागली, हे सगळे विचार. आत्तींच्या धाकट्या बहिणीला शिकवले नाही, तिचे सतराव्या वर्षी लग्न झाले, हेही तुझ्या वंशावळीवरून दिसते. एका मुलीसाठी साज गहाण टाकणाऱ्या आईने दुसऱ्या मुलीचा निर्णय वेगळा का घेतला, हा प्रश्न धाकट्या आत्तींच्या मनात गेली पन्नास वर्षे असू शकेल. तो तू जपून विचार, आणि त्यांनी उत्तर द्यायचे नाकारले तर पुन्हा विचारू नकोस.

माणसांशी बोलताना ‘आजी कशा होत्या?’ असे कोणालाही विचारू नकोस. त्या प्रश्नाला सगळे जण देवमाणूस असे उत्तर देतात. वस्तूंविषयी आणि कामांविषयी विचार. मे महिन्यातल्या चटणीविषयी घरातल्या सुनांना विचारून पाहा: ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती, खोबरे भाजायचे कोणी, लसूण सोलायला गल्लीतल्या कोण बायका येत, कांडपाला रांग लावायला पहाटे कोणाला पिटाळले जाई आणि बरण्या भरून झाल्यावर कोणत्या लेकीला किती किलो जाई. या एका दिवसाच्या वर्णनात घरातली सगळी उतरंड दिसेल, कोणाचा शब्द चाले, कोण रुसे, कोणाला न मागता मिळे आणि कोणाला मागूनही मिळत नसे. आषाढातल्या त्र्यंबोलीच्या यात्रेविषयीही असेच विचार. गल्लीतली मंडळी ‘पी ढबाक’ वाद्यांच्या तालावर पंचगंगेचे नवे पाणी घेऊन टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीलाच, निघत, तेव्हा तुमच्या घरातली कळशी कोणाच्या डोक्यावर असे, आणि विधवा झाल्यानंतर आजींनी त्या मिरवणुकीत काय करायचे ठरवले? त्या गेल्या की घरी थांबल्या? तुझ्या आईंच्या बोलण्यात एकदा असे आले होते, की त्या थांबल्या नाहीत. याची खातरजमा कर.

वयाने सर्वांत मोठ्या माणसाकडे सर्वांत आधी जा, मग ते नात्याने कितीही लांबचे असो. मोबाइलवर आवाज मुद्रित करून घे, पण परवानगी मागून. आणि मुद्रण चालू असले तरी वहीत टिपत राहा, म्हणजे समोरचा माणूस सावकाश बोलतो. अल्बम बरोबर ने. एकेक फोटो हातात दिला की माणसे बोलायला लागतात, आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलेली नावे त्याच बैठकीत फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेव. शाईचे पेन वापरू नकोस, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. आजींच्या माहेरचे मूळ गाव कळत नाही असे तू म्हणतेस. पावसाळा सरल्यावर गावोगाव फिरणारे हेळवी जुन्या घराण्यांच्या पिढ्यांची नावे सांगतात, त्यांच्याकडे तुझ्या पणजोबांच्या घराण्याची नोंद मिळण्याचा संभव आहे. मात्र तिथे बहुधा पुरुषांचीच नावे सापडतील. संस्थानी काळातला एखादा कागद सापडला तर तो मोडीत असेल. मोडी वाचणारी माणसे कोल्हापुरात अजून आहेत, आणि त्यांचा पत्ता तुला करवीर नगर वाचन मंदिरात विचारता येईल. १८५० साली सुरू झालेले ते ग्रंथालय आहे, आणि तिथे जुनी वर्तमानपत्रे चाळायला मिळाली, तर पूर, संप, बाजारभाव यांच्या तारखाही पडताळून घे.

नावाविषयी एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या पानांत आजींचे नाव मी शोधत होते. ते शीर्षकात एकदा आले आणि नंतर सगळीकडे त्या कोणाच्या तरी पत्नी, आई, आजी आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांना मतदारयादीत जागा मिळाली नाही, कारण त्यांनी आपले नाव सांगितले नव्हते, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढीच ओळख दिली होती. आपल्या घरातल्या पुस्तिकेत तरी असे होऊ नये. माहेरचे नाव, सासरचे नाव, गल्लीत ज्या नावाने हाक मारत ते नाव, गिऱ्हाइके म्हणत ते नाव, सगळी लिही आणि गोष्ट सांगताना त्या त्या वयातले नाव वापर. नऊ वर्षांच्या मुलीला ‘आजी’ म्हणून लिहिले, की वाचणाऱ्याला ती मुलगी दिसत नाही.

त्यांची भाषा तू सुधारली आहेस, ते करू नकोस. ‘आपल्या घरातील बाब बाहेर सांगू नये’ असे आजी कधीही बोलल्या नसतील. ‘खुळी हाईस काय? आपलं आपण निस्तरायचं, गावाला काय दावायचं?’ असे काहीतरी त्या म्हणाल्या असतील, आणि नेमके काय म्हणाल्या ते आठवणारी माणसे आज घरात आहेत. तुझे निवेदन प्रमाण मराठीत असू दे, त्यांचे बोलणे त्यांच्या बोलीत असू दे. जात्यावरच्या ओव्या त्यांना येत होत्या असे तू ओझरते लिहिलेस. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. बायकांना जे चारचौघांत बोलता येत नसे, ते त्या पहाटेच्या जात्यावर सांगत. आजींच्या लेकींपैकी कोणाला दोन ओव्या जरी येत असतील तरी त्या गाऊन घे. माहेर पायी दहा मिनिटांवर असूनही पंचमी आणि दिवाळीखेरीज तिकडे न जाऊ शकलेल्या सासुरवाशिणीने माहेराविषयी काय म्हटले होते, ते त्यांत सापडेल.

आता थोडे अवघड बोलते. आजी सुनांशी कडक होत्या, हे गल्लीला माहीत आहे. मधल्या सुनेला त्यांनी वर्षभर स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या नाहीत. कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवला जाई, हेही तुला ठाऊक आहे, कारण त्यावरून तू लहानपणी त्यांच्याशी भांडली होतीस असे तूच मला सांगितले होतेस. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या शहरातल्या घराघरांत तो वेगळा कप पुढे किती तरी दशके राहिला, हे खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. पुस्तिकेत हे आले तर नातेवाईक दुखावतील अशी भीती तुला वाटते, ती रास्त आहे. माझे मत असे, की जे अनेकांनी पाहिले आणि ज्यामुळे दुसऱ्याला त्रास झाला, ते साध्या शब्दांत, निवाडा न देता लिहावे. जे एका व्यक्तीने तुला विश्वासाने सांगितले, ते तिला छपाईआधी वाचून दाखवावे आणि तिने नको म्हटले तर गाळावे. मधल्या काकूंना ते किल्ल्यांचे पान तू स्वतः नेऊन वाचून दाखव. शेवटच्या आजारपणात आजी त्यांच्याच हातचे जेवत होत्या, हेही त्या पानावर असले पाहिजे, आणि ते कसे बदलले हे काकूच सांगू शकतील. हक्कसोडपत्राविषयी मात्र सांभाळून लिही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर लेकींकडून अशी पत्रे घरोघर लिहून घेतली गेली, आणि आजींनी ते राजीखुशीने दिले की त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला, हे आज ठरवता येणार नाही. कागदाची तारीख, त्यावरचा अंगठा आणि नंतरही भाऊबीजेला त्या भावांकडे जात राहिल्या, एवढे लिही. तुझ्या वडिलांच्या मामांच्या घराशी जुना हिशेब चुकता करायला ही पुस्तिका वापरली जाऊ नये.

शेवटच्या तीस वर्षांचे काय लिहायचे, असे तू विचारलेस. ऑगस्ट २०१९ चा महापूर घे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले. शुक्रवार पेठेतली बरीच घरे शेवटपर्यंत थांबली आणि मग त्यांना बोटीने बाहेर काढावे लागले. तुमचे घर आधीच रिकामे झाले होते, कारण आजींनी रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना निघायला लावले. तुझ्या वडिलांना ती घाई वाटली होती. पण २००५ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते, त्याची रेघ आजींनी जिन्याशेजारच्या भिंतीवर खिळ्याने ओढून ठेवली होती आणि या वेळी पाणी कोणत्या वेगाने वर येते आहे हे त्या दुपारपासून गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून पाहत होत्या. वयाच्या ८६ व्या वर्षी घरातल्या नऊ माणसांचा निर्णय त्यांनी घेतला आणि बाहेर पडताना फक्त तो स्टीलचा डबा मांडीवर घेतला. त्यात घराची कागदपत्रे होती आणि रतीबाची वही होती. ही रात्र तुझ्या पुस्तिकेत किमान दोन पाने घेईल. त्यानंतर त्यांनी घराच्या किल्ल्या कोणाला दिल्या, साज कोणाला द्यायचा हे जिवंतपणीच कसे सांगून ठेवले, अंबाबाईच्या दर्शनाला पायी जाणे कोणत्या वर्षी थांबवले आणि त्याऐवजी काय करू लागल्या, दवाखान्यात पुन्हा न्यायचे नाही हे त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितले, हे सगळे त्या तीस वर्षांत येईल. म्हातारपण हा उरलेला भाग समजून घाईने उरकू नकोस. त्यांच्या हातात सगळ्यांत जास्त अधिकार होता तो याच काळात.

पुस्तिका पन्नास-साठ पानांची झाली तरी चालेल, वर्षश्राद्धापर्यंत पुरी झाली नाही तरी चालेल. तिथीला वहीचे ते एक पान, साजाची हकीकत आणि पुराची रात्र एवढेच छापून दे आणि मागच्या बाजूला दोन कोरी पाने ठेव. जेवणावळीनंतर लोक त्यावर आपल्या आठवणी लिहून देतील आणि पुढच्या कामाला त्यांचा उपयोग होईल. मूळ कागद झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा पुन्हा नेऊ नकोस, एकदाच नीट स्कॅन करून घे. वहीच्या पानांना प्लॅस्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नकोस, त्याने कागद कायमचा खराब होतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, वरच्या मजल्यावर ठेव.

थोरल्या आत्तींच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे असे कळले. त्याआधी एका रविवारी त्यांच्याकडे जाऊन ये आणि बरोबर ती वही ने. सही त्यांनी शिकवली असेल असा माझा अंदाज आहे, पण तू तसे सुचवू नकोस. १९७८ चा कागद त्यांच्या हाती दे आणि त्या काय म्हणतात ते ऐक. आल्यावर मला कळव.

तुझी,
बाई